गारगोटीचा मैदा

“आयला, पुन्यांदा फुगलं की हे! सकाळी चिकटीवलं आन् दुपारी पापड!”

कारागीर जोतीराम माझ्या अगदी तोंडाशी वाकून पुटपुटला, आणि माझ्यावरची अर्धवट सुटलेली चकती त्याने नखाने ओरबाडून काढली. मालक पलीकडेच उभे होते, म्हणून आवाज बारीक. मला मात्र सगळं ऐकू आलं. माझं आयुष्यच असं गेलं, मित्रांनो. माणसं मोठ्याने बोलतात ते कौतुक असतं. खरं जे काय असेल ते यंत्राजवळ वाकून पुटपुटतात.

मी एक जुना तवा आहे. भाकरीचा नव्हे. चुलीशी माझा संबंध कधी आला नाही, आणि लाकडाने तो येऊ नये अशीच प्रार्थना करावी. मी चिंचेच्या लाकडाचा, जेवणाच्या ताटाएवढा गोल आणि चांगला जाडजूड. पाठीला लोखंडी बूड, बुडात दांडा, दांड्यावर पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला विजेची मोटार. मोटार सुरू झाली की मी गरगर फिरायचो. माझ्या तोंडावर खरखरीत कापडाची गोल चकती चिकटवलेली असे. तिच्यावर लाकूड टेकवून ते गुळगुळीत करायचं, एवढंच माझं काम. दुकानातली माणसं मला तवा म्हणत आणि चकतीला भाकरी. “तव्यावर नवी भाकरी टाका” अशी हाक ऐकून एखादा पाहुणा हात धुवायला पाणी कुठे आहे ते बघू लागे.

आज मी वैरागला एका घरी पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून पडून असतो. त्या घरच्या बाईचं नाव हेमावती. ती मला नेहमी पाठ पाण्याकडे आणि तोंड वर करून ठेवते. कुणी चुकून उलटं ठेवलं तर घर डोक्यावर घेते. घरच्यांना वाटतं, बाईला सोवळ्याचं वेड आहे. ते तसं नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडला नवी एमआयडीसी उभी राहत होती, त्या काळातली ही गोष्ट. यंत्रमाग वाढले तसे धोटेही भराभर लागू लागले. धोटा तुम्ही पाहिलाय का? होडीच्या आकाराचा, हातभराहून लहान लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि तो मागावर ताणलेल्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो. त्याच्या अंगावर खसखशीएवढी कूस, म्हणजे लाकडाचं कुसळ, राहिली तरी धागा तुटतो. आणि धागा तुटला की विणकर धोटा करणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतो.

रुद्रप्पा धोटे करायचे. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक उंबरा. मी मूळचा त्या घराच्या परसातला. दुकानाची शेड वाढवायला चिंचेचं झाड पाडावं लागलं, त्याच्या बुंध्यातून रुद्रप्पांनी मला कातून काढलं. त्यांची आई गिरिजाबाई झाड पडेपर्यंत आत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी तयार झाल्यावर मला दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “झाड गेलं म्हनायचं न्हाय. घरातच हाय की.”

बाजारात तयार चकत्या तेव्हाही मिळत. पण त्यांत खरखरीत पूड चिकटवलेली असे ती सरसाने, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला गोंद. गिरिजाबाईंच्या गळ्यात इष्टलिंग. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. ज्या छपराखाली पूजा होते त्या छपराखाली सरस यायचा नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं. आवाजही चढवला नव्हता. एकदाच सांगितलेलं मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

म्हणून चकती घरीच करायची. चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून त्याची खळ शिजवायची. विणकरांच्या गावात खळीचं काय नवल! त्या खळीत थोडा बाभळीचा डिंक. पाटावर मांजरपाटाचं जाडं कापड ताणून बसवायचं, खळ सारवायची, वर दगडाची पूड भुरभुरायची, लाटणं फिरवून दाबायची, सावलीत वाळवायची आणि पितळी ताट उपडं घालून कडेकडेने कापायची. चिंचेच्या लाकडाला चिंचोक्याचीच खळ. मला तर माहेरचं कुणी येऊन बिलगल्यासारखं वाटायचं.

पूड गारगोटीची. पांढऱ्या गारगोट्या वैरागकडच्या माळावरून पोत्यात भरून येत. लोखंडी खलात त्या कुटायच्या आणि एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून चाळायच्या. वर राही तो जाडा रवा. मध्ये राही तो बारीक रवा. आणि सगळ्यात खाली, कापडातून वस्त्रगाळ होऊन पडे तो मैदा. धोट्यावर शेवटचा हात मैद्याच्या चकतीचा. ती चढली की धोटा असा निघे, की रुद्रप्पा त्याच्यावरून कापसाचं बोंड फिरवत आणि एक तंतूसुद्धा अडकत नसे. लांबलांबचे मागवाले ते बघायला येत. “रुद्रप्पा, काय हात हाय तुमचा!” म्हणत. हात कुणाचा होता ते गोणपाटामागे असायचं.

हो, गोणपाट राहिलंच. मैदा फार हलका. दारातून वारा आला की धुरासारखा उठून निघून जायचा, आणि तोच तर सगळ्यात कष्टाचा. म्हणून दुकानाच्या एका कोपऱ्याला वरून खालपर्यंत गोणपाटाचा पडदा लावून ती जागा बंद केलेली होती. आत वारा नाही. उजेड थोडा. त्या कोपऱ्याला सगळे गिरणी म्हणायचे. मैदा वाया जाऊ नये म्हणून वारा बंद केला. दुसरं काही बंद होईल हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्या गिरणीत पहिल्यांदा बसला तो मायाप्पा.

मायाप्पा अक्कलकोटकडचा, बडबड्या आणि गाणारा. खलाच्या ठोक्यावर तो कानडी पदं म्हणायचा. ठोका आणि शब्द, ठोका आणि शब्द. मी फिरत असलो तरी मोटारीच्या घरघरीतून मला त्याचं पद ऐकू यायचं. सुरुवातीला तो एका दमात अख्खं कडवं म्हणायचा. मग एक ओळ. मग अर्धी ओळ म्हणून थांबायचा आणि उरलेली पुढच्या ठोक्याला म्हणायचा. जोतीराम चेष्टा करायचा, “मायाप्पा, गानं म्हनतूयास का उसाचं कांडं सोलतूयास? किती तुकडं!” मायाप्पा हसायचा. हसता हसता खोकायचा. पुढे शब्द गेले आणि नुसते ठोके राहिले. मग ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. दुसरा ठोका येईल की नाही, याची मी फिरता फिरता वाट बघू लागलो.

गिरिजाबाई रोज दुपारी उंबऱ्यावर येऊन त्याला गुळाचा खडा द्यायच्या. कापसाच्या धुळीत राबणारे लोक गूळ खातात. गुळाने धूळ छातीत राहत नाही, पोटात उतरते, असं सगळे मानत. गिरिजाबाई पडद्याच्या फटीतून हात आत घालायच्या, तळहातावर खडा. आतून पांढरा हात यायचा आणि तो उचलायचा. मायाप्पाचा खोकला वाढला तसा खडाही मोठा होत गेला.

मग एक दिवस तो गावी बहिणीकडे गेला, आणि तिकडूनच निरोप आला. रुद्रप्पांनी त्या दिवशी मोटार बंद ठेवली. जोतीराम डोकं धरून पायरीवर बसला.

“जुना दमा होता बिचाऱ्याला,” रुद्रप्पा म्हणाले.

“व्हय, दमाच,” जोतीराम म्हणाला.

रुद्रप्पांची बायको नागम्मा दारात उभी होती, तिनेही मान डोलावली. गिरिजाबाईंनी मान डोलावली नाही. त्या गुळाचा डबा बंद करून आत गेल्या.

मित्रांनो, मला शंका तेव्हाच होती. माझ्या तोंडावरची झिजलेली चकती काढायची म्हणजे मला उकळत्या पाण्याने भिजवत, खरवडत, काथ्याने घासत. सगळं निघे, पण लाकडाच्या रंध्रांत शिरलेला मैदा कधी निघाला नाही. खोलवर बसायचा आणि तिथेच राहायचा. मी लाकूड. माझं काय बिघडणार? थोडा जड झालो, इतकंच. पण जो श्वास घेतो त्याच्या आतही हे असंच बसत असेल तर तिथे काथ्या कसा पोचणार, हा विचार मला फिरता फिरता यायचा. सांगणार कुणाला? तव्याचं कोण ऐकतं?

मायाप्पानंतर चाळणी कुणी धरायची हे कुणी ठरवलंच नाही. नागम्माने ती एक दिवस उचलली. “चाळनी बाईच्याच हातात शोभती,” रुद्रप्पा कौतुकाने म्हणाले, आणि ठरलं.

तिचा हात खरंच देखणा. ती खलात घाव घालायची तो मायाप्पापेक्षा हलका, पण नेमका. चाळणी अशी फिरवायची की जणू ताकातलं लोणी गोळा करतेय. तिच्या मैद्याची चकती माझ्या तोंडावर आली की मला स्वतःचाच हेवा वाटे. त्या वर्षांत रुद्रप्पांच्या धोट्याचं नाव फार झालं. स्वयंपाक आटोपून ती पडद्याआड जायची आणि चार वाजता चहा ठेवायला बाहेर यायची, तेव्हा तिच्या कपाळावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड बसलेली असे.

“घ्या! आमची शरणीन आली इभूत लावून,” रुद्रप्पा हसून म्हणायचे. शरणीन म्हणजे कपाळभर विभूती लावणारी शिवभक्त बाई.

तीही हसायची. पदराने तोंड पुसायची. पण गिरिजाबाई त्या थट्टेला कधी हसल्या नाहीत. विभूती कपाळावरून पुसली जाते हे त्यांना ठाऊक होतं.

आणि पुन्हा गुळाचा खडा सुरू झाला. सासू-सुनेचं तसं फार गूळपीठ नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं की गिरिजाबाई पूर्ण दिवस त्याची आठवण ठेवायच्या. पण दुपार झाली की पडद्याच्या फटीतून हात आत. पहिल्यांदा तो खडा सुपारीएवढा होता. मग आवळ्याएवढा.

“अत्ती, येवढा गूळ कशाला? तोंड गोडमिट्ट होतंय,” नागम्मा म्हणायची. अत्ती म्हणजे सासू.

“खा गप.”

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा नागम्माला खोकला लागला. घरात त्याला रोज नवं कारण मिळायचं. मिरचीची फोडणी. थंड पाणी. सुपारीचं खांड. ताणलेल्या तारेवर पाखरं बसावीत तशी कारणं येऊन बसायची आणि उडून जायची, खोकला तिथेच. उंबरा चढताना ती चौकटीला हात लावून थांबू लागली. मग चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरातच बसू लागली. जोतीराम एकदा माझ्यावर तेल घालताना हळूच म्हणाला, “वैनी बी तशाच की रं...” आणि तोंडात कुणी बोळा कोंबावा तसा गप्प झाला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी.

शेवटी रुद्रप्पा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा गिरिजाबाई उंबऱ्यावर वाट बघत होत्या.

“काय म्हनाला?”

“क्षय न्हाय म्हनाला,” रुद्रप्पा चप्पल काढत म्हणाले. “दम्यासारखं हाय म्हनाला. गोळ्या दिल्या.”

“आनि काय इच्यारलं?”

“काम काय करता म्हनून इच्यारलं,” नागम्मा म्हणाली. खाली बसत, श्वास गोळा करत तिने उरलेलं सांगितलं. “मी म्हनलं, काम कुटलं? काय न्हाय. घरीच असते.”

आणि खरोखर, ती खोटं बोलली नव्हती. तिला तसंच वाटत होतं. पगार जोतीरामला होता, नाव रुद्रप्पांना होतं. ती घरीच असायची. रुद्रप्पांनी डॉक्टरला काही सांगितलं नाही, कारण डॉक्टरने त्यांना विचारलं नव्हतं. ते माझ्याजवळ आले, मला उगाच हाताने फिरवून बघितलं आणि म्हणाले, “तव्याला जरा खरखर हाय.” मला काही खरखर नव्हती, मित्रांनो.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येतो, ज्या दिवशी जोतीराम माझ्या कानाशी कुरकुरला. श्रावण होता. हवेत ओल. चिंचोक्याची खळ ओलीला फार भिते. सकाळी चिकटवलेली चकती दुपारी फुगायची, पापडासारखी कड उचलायची. एमआयडीसीतल्या एका मागवाल्याचे धोटे अडले होते. नागम्मा आठवडाभर पडद्याआड बसून नव्या चकत्या करत होती आणि त्या करायच्या आतच सुटत होत्या. खोकल्याने तिला रात्री झोप नाही, हे सकाळी तिच्या डोळ्यांवरून कळायचं.

आणि नेमका त्याच दुपारी एक विक्रेता दारात आला. छत्री, पिशवी, पायांत बूट. पिशवीतून त्याने एक तांबूस, करकरीत चकती काढली आणि दोन बोटांनी टणकन वाजवली.

“पावसात भिजवा, काही होणार नाही,” तो म्हणाला. “घरी करत बसायचे दिवस गेले हो. एकदा लावून बघा.”

जोतीराम तिच्याकडे असा बघत राहिला, जसा लहान मूल जत्रेतल्या भोंग्याकडे. “मालक, यकदा लावून तरी बघू की. तव्याचं काय झिजतंय?”

रुद्रप्पांनी चकती हातात घेतली. अंगठ्याने घासली. त्यांच्या तोंडावर मला एखादी गाठ सुटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी विचारलं, “चिकटवलंय कशानं?”

“एक नंबर सरस, मालक! वरून पक्कं रोगण, पाणी शिरतच नाही!” विक्रेता छाती काढून म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, कौतुकच होणार.

गिरिजाबाई उंबऱ्यावर होत्या. रुद्रप्पांनी तिकडे एकदा बघितलं. मग चकती परत पुढे केली. “आमच्यात चालत न्हाय.”

“असू द्या, नमुना आहे,” म्हणून तो ती तिथेच ठेवून छत्री उघडून चालू लागला. आता ती छपराखाली ठेवायची कशी? जोतीरामने ती चिमटीत धरून बाहेर नेली आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या खोडाला खिळा ठोकून टांगली. पावसात भिजत ती तिथे राहिली. रोज मला दारातून दिसायची. विक्रेता खोटं बोलला नव्हता. ती ओलीने जरासुद्धा फुगली नाही.

मला तिचा राग आला नाही. पण तिच्याकडे बघताना एक विचार यायचा. ही चकतीसुद्धा आकाशातून पडलेली नाही. कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी पडद्यामागे तिची पूड कुणीतरी चाळलीच असणार. त्याच्या घरचे त्याच्या खोकल्याला काय म्हणत असतील? मित्रांनो, तुम्हाला शाळेत शिकवतात, की वस्तू जपून वापरा, हत्यारांना तेल द्या, यंत्र स्वच्छ ठेवा. चांगलं आहे ते. मला तेल मिळालं, काथ्या मिळाला, गरम पाणी मिळालं. माझं सगळं वेळच्या वेळी झालं. पण एखादी गोष्ट हाताला फार गुळगुळीत लागली, तर तिच्यावरून बोट फिरवताना एवढं विचारा, की हिची कूस गेली कुठे? ती कुणाच्या आत जाऊन बसली? विचारायला काही लागत नाही. तरी त्या घरात ते कुणाला जमत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मागवाल्याचा माणूस सायकलवरून येऊन दारात बोलून गेला. धोटे संध्याकाळपर्यंत हवेत. मैद्याची एकही चकती शिल्लक नव्हती. नागम्मा उठली, पडद्याकडे दोन पावलं गेली आणि खांबाला धरून खाली बसली. खोकला असा आला की तो तिला सोडेना. जोतीरामने मोटार बंद केली. दुकानात फक्त तो आवाज राहिला. मी स्थिर होतो, म्हणून मला तो पूर्ण ऐकावा लागला.

खोकला थांबल्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“आज दमा लई उठलाय तिचा,” रुद्रप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. मग आत हाक मारली, “हेमा! चाळनी घे बाई जरा. आईनं दावलंय न्हवं तुला?”

हेमावती त्यांची मुलगी, आज मला रांजणावर ठेवते तीच. मॅट्रिक होऊन घरी बसलेली, लग्नाच्या गोष्टी चालू असलेली, अज्जीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. घरात तिचाच तेवढा आवाज मोठा. ती पदर खोचत आली, आईला पाणी दिलं, आणि म्हणाली, “आई, तू पड. आज बघ माझा मैदा. तुझ्यापेक्षा बारीक काढते का न्हाय!”

नागम्माने तिचा पदर धरला. धरला आणि काही बोलायला तोंड उघडलं. तेवढा श्वास तिच्याजवळ नव्हता. पदर सुटला.

पडदा हलला. थोड्या वेळाने खलाचे ठोके सुरू झाले. तरुण हाताचे, भराभर. आणि ठोक्यांवर हेमावती गुणगुणू लागली. कुठलं तरी भजन. ठोका आणि शब्द, ठोका आणि शब्द. अख्खं कडवं, एका दमात.

जोतीरामच्या हातातला धोटा खाली पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

गिरिजाबाई सवयीप्रमाणे आतून आल्या. गुळाची वेळ झाली होती. त्यांच्या हातात गुळाचा खडा होता, नवा, लहान, सुपारीएवढा. त्या पडद्याजवळ गेल्या, हात फटीत घालायला उचलला, आणि तेवढ्यात पडदा बाजूला करून हेमावतीच बाहेर आली. भुवया पांढऱ्या. पापण्या पांढऱ्या. कपाळ पांढरं. हसत तिने तळहात पुढे केला.

“दे की अज्जी. आता माझा हक्क.”

गिरिजाबाईंनी मूठ मिटली.

“दे की!”

त्या नातीकडे बघत राहिल्या. मग खांबाशी बसलेल्या सुनेकडे. नागम्माही त्यांच्याकडेच बघत होती. त्या दोघींमध्ये इतकी वर्षं मिठावरून, तिखटावरून पुष्कळ बोलणं झालं होतं. या वेळी काहीच झालं नाही, आणि मला वाटतं पहिल्यांदाच दोघींना एकमेकींचं पूर्ण ऐकू आलं. मिटलेल्या मुठीत गूळ चिरडला. गिरिजाबाई वळल्या आणि दारातून बाहेर, अंगणात, रिमझिमीत चालत गेल्या. कडुलिंबाजवळ थांबल्या. मूठ उघडून गूळ मुंग्यांना टाकला, आणि खिळ्यावरची ती तांबूस चकती ओढून काढली.

त्या परत आल्या तेव्हा रुद्रप्पा दारात आडवे उभे होते.

“अव्वा, ते सरसाचं हाय. श्रावन चाललाय.”

“ठावं हाय मला. बाजूला हो.”

“पूजा हाय घरात...”

“शिवाला काय सांगायचं ते मी सांगीन. तुला कोन इच्यारत न्हाय.”

त्या सरळ माझ्याकडे आल्या. भिजलेली चकती त्यांनी माझ्या तोंडावर ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. डावा तळहात. ज्याच्यावर सकाळी लिंग असायचं, तोच. त्याला गुळाचा चिकटा होता. माझ्या रंध्रांत इतकी वर्षं साठलेला मैदा त्या हाताखाली मला एकदम टोचल्यासारखा वाटला.

“येवढं कशापायी करायलीस अव्वा?” रुद्रप्पांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “तिचा दमा एकदा बरा झाला की...”

“मायाप्पाला दमा नव्हता, रुद्रा,” गिरिजाबाई म्हणाल्या. हात त्यांनी माझ्यावरून काढला नाही. “ह्या पुडीनं खाल्लं त्याला. आनि आपल्या समद्यांच्या डोळ्यांम्होरं माझ्या सुनेला बी तीच खायलीय.”